तुहिनाची बोटं

मुर्शिदाबादच्या विडीवाल्या गावांत मुलगी बघायला आले की चेहरा नंतर बघतात, आधी तिच्यापुढे सूप ठेवतात. सुपात पानं, तंबाखू, दोरा. पाहुण्यांदेखत विड्या वळून दाखवायच्या.

तुहिना खाली मान घालून वळत होती. शेवया खाता खाता मुलाच्या आईने तिचा हात ओढला आणि बाजारात भेंडी बघावी तसं एकेक बोट दाबून बघितलं.

"सहावीपर्यंत शिकलीय, आपा," तुहिनाची आई मर्जिना म्हणाली. "वर्गात पहिली यायची."

"त्याचं काय लोणचं घालू? विड्यांना कधी बसवलीत?"

"सातव्या वर्षी."

"मग बरोबर. बोटं कोवळी असतानाच बसवावं, म्हणजे पुढे हात झरझर चालतो."

मर्जिनाच्या मनात आलं, बैल घेणारासुद्धा आधी पाठीवरून हात फिरवतो!

लग्न ठरलं, पाहुणे गेले. मर्जिनाने त्या बाईची उष्टी वाटी अंगणात भिरकावली. "सटवी मेली! सून न्यायला आली होती की यंत्र?" म्हणत ती पचकन थुंकली.

मग तिची नजर सुपाकडे गेली. महिन्याभराने तुहिना जाणार, आणि एकटीच्या विड्यांवर चूल पेटणार नव्हती. उंबऱ्यात धाकटी शिउली पाटीवर अक्षरं गिरवत होती. तिला नुकतंच सातवं लागलं होतं.

"शिउली, इकडे ये."

मर्जिनाने तिचा हात ओढला आणि एकेक बोट दाबून बघितलं.

"कोवळी आहेत," ती म्हणाली.