पोशीरच्या नूडल्स आणि माझा स्टीलचा डबा

रविवारी सकाळी साडेसहाला रसायनीहून निघाले, तेव्हा स्कूटरच्या डिकीत दोनच वस्तू होत्या: एक किलो मैदा आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. हा डबा मी लातूरहून कॉलेजला निघाले तेव्हा आईने दिलेला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे तो मी अजून जपून वापरते. इथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी मला खोलीत बसवत नाही. नुसतं बसलं की वाटतं, आईबाबांनी एवढे कष्ट काढले ते मी बसून राहावं म्हणून नाही. मग मी कुठेतरी निघते.

या वेळी निघाले होते घरच्या घरी अंड्याच्या नूडल्स करायला शिकायला.

चौक गावावरून कर्जतच्या रस्त्याला लागले. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर, त्याचा माथा ढगात. दसरा नुकताच झाला होता. भात पिवळं पडलेलं, काही शेतांत कापून आडवं टाकलेलं. कर्जतला उभ्याउभ्याच चहा घेतला, नेरळला पेट्रोल भरलं आणि उल्हास नदीचा पूल ओलांडून पोशीरला पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते.

हिरामावशी पडवीत (घरापुढच्या झाकलेल्या ओसरीत) वाट बघत होत्या. वय पन्नाशीचं, काटक, बोलणं थेट. गेल्या वर्षी आम्ही ऑफिसच्या मुली माथेरानला गेलो होतो, तेव्हा हॉटेलात अशा नूडल्स खाल्ल्या की मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, कुणी केल्या. तिथे ह्या भेटल्या. अकरा वर्षं त्या रोज नेरळहून वर जात. लावलेल्या होत्या भांडी घासायला, पण आचाऱ्याचे हात बघून बघून नूडल्स शिकल्या आणि पुढे त्याच करू लागल्या. नंतर हॉटेलचा मालक बदलला. पाकिटातल्या नूडल्स आल्या आणि मावशी घरी बसल्या.

आता चौकजवळच्या एका रिसॉर्टवर कामाला बाई हवी होती. मॅनेजर म्हणाला होता, भांड्यांना बाई लागणारच आहे, स्वयंपाकाचं मात्र चव बघून ठरवू. रविवारी बाराला नूडल्स घेऊन या. म्हणजे आज दुपारी ठरणार होतं, मावशी चुलीशी उभ्या राहणार की मोरीत बसणार. त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला शिकवा, मी स्कूटरवरून सोडते. सौदा ठरला.

मावशींच्या सासूबाई माळकरी, म्हणून अंडी घरात फोडायची नाहीत. सगळं पडवीत मांडलेलं. अंडी घरच्या कोंबड्यांची, लहान, आतला बलक केशरी. परातीत मैद्याचं आळं केलं, त्यात सहा अंडी, मीठ, चमचाभर तेल. पाणी मी घालायला गेले तर मावशींनी तांब्याच उचलून बाजूला ठेवला. कणीक शेवयांच्या कणकेहून घट्ट हवी. दहा मिनिटांत माझी मनगटं भरून आली. त्या तळहाताच्या बुडाने रेटत राहिल्या, गोळा गुळगुळीत होईपर्यंत. मग ओलं फडकं झाकून म्हणाल्या, आता अर्धा तास.

मी अंगणात फेऱ्या मारल्या. कोंबड्या मोजल्या. पंधरा मिनिटांनी फडकं उचललं आणि एक गोळी लाटून बघितली, तर ती पुन्हा आखडून बसली.

मावशी विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "तिला निजू दे गं. तुला नाय बसवत, त्यात तिचा काय दोष?"

अर्धा तास भरल्यावर तीच कणीक मुकाट्याने लाटली गेली, पातळ, खालचा पोळपाट दिसावा इतकी. वर तांदळाचं पीठ भुरभुरायचं, पोळी घडी घालून सुरीने बारीक कापायची, आणि बोटांनी झटकून मोकळं करायचं. मावशींच्या नूडल्स एकसारख्या. माझ्या काही दोऱ्यासारख्या, काही चपलेच्या पट्ट्यासारख्या. त्यांनी त्याही घेतल्या.

मग त्यांनी बांबूची टोपली आणली, तळाशी कापड घातलं, पीठ भुरभुरलं आणि त्यावर नूडल्स पसरल्या. अर्धा तास सुकल्या की निघू, म्हणाल्या.

घड्याळात सव्वादहा झाले होते. रविवारी कर्जतच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. पण मनात आणखी एक होतं, ते बोलले नाही. मला ती टोपली घेऊन रिसॉर्टवर जायचं नव्हतं. मॅनेजरसमोर काहीतरी नीटनेटकं दिसावं असं वाटत होतं. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, झाकण घट्ट आहे, हवा लागणार नाही, ताज्या राहतील. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी सांगते, म्हणून असेल, मावशींनी एकदा टोपलीकडे बघितलं आणि ऐकलं.

ऊन तापलं होतं. सगळा रस्ता डबा मावशींच्या मांडीवर. गाड्यांची रांग लागलीच नाही. सव्वाअकराला चौकजवळ पोचलो.

रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात टोपात (पातेल्यात) पाणी उकळत ठेवलं आणि मी डबा उघडला. झाकणाला आतून घाम सुटला होता. खाली नूडल्स नव्हत्या, एक पिवळा गोळा होता. वरच्या चार-सहा दोऱ्या सुट्या, बाकी सगळं एकजीव.

मॅनेजरने वाकून बघितलं. तरुण, सभ्य माणूस. म्हणाला, "असू द्या मावशी, होतं असं. आज पाहुणे बरेच आहेत, भांडी सुरू करता का तोवर?" मोरीपाशी ताटांचा ढीग होता.

मी घाईघाईने सांगू लागले की चूक माझी आहे, डबा माझा, त्या टोपलीच म्हणत होत्या. मावशींनी माझा हात दाबला.

"तू गप ऱ्हा गं." मग त्याला म्हणाल्या, "मूठभर मैदा अन् दोन अंडी द्या. मी परत करते. अर्धा तास कणीक निजंल, तवर मी बसणार. भांडी नाय घासणार."

त्याने मैदा आणि अंडी दिली. मावशींनी गोळा मळला, फडकं झाकलं आणि खरंच स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवून. आचारी येता-जाता बघत होते. एकाने विचारलं, आजी परीक्षेला आल्या का? त्या म्हणाल्या, हो, पेपर मुरतोय. मी शेजारी उभी होते. मोरीतली दोन ताटं तरी विसळावीत म्हणून माझे हात शिवशिवत होते. मावशींनी बखोट धरून मला खाली बसवलं.

लाटून, कापून झाल्यावर सुकवायला जागा हवी होती. जेवणघराच्या भिंतीवर शोभेसाठी सुपं आणि टोपल्या टांगल्या होत्या. मावशी उठल्या, त्यातली सर्वांत मोठी टोपली खिळ्यावरून काढली, पदराने पुसली, झटकली, कापड घालून नूडल्स पसरल्या. मॅनेजर काहीतरी बोलणार होता. मग त्यानेच टोपली ठेवायला जागा करून दिली.

एक वाजता त्याने पहिला घास घेतला. मग आचाऱ्याला बोलावून त्यालाही दिला. शनिवार-रविवार नूडल्स तुमच्याकडे, म्हणाला, महिनाभर बघू. मावशींनी विचारलं, आणि भांडी? तो म्हणाला, त्याला दुसरी बाई बघतो.

परतताना त्यांना कर्जतपर्यंत सोडून नेरळच्या टमटममध्ये बसवलं. मी पुन्हा माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, डबा चांगला हाय, त्यात लाडू ठेव. घरची टोपली घेऊन यायला हवी होती, हे त्या बोलल्या नाहीत. चौकपर्यंतच्या परतीच्या रस्त्यात ते मीच मला सांगत राहिले. माझी आई अशाच टोपलीत शेवया वाळत घालायची, आणि तिच्यासमोर टोपलीची लाज मला कधी वाटली नव्हती. मग ही लाज कुठून शिकून आले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी खोलीवर उरलेला मैदा काढला, अंडी आणली. कणीक झाकून ठेवली तेवढ्यात आईचा फोन आला. काय करतेस, तिने विचारलं.

"बसलेय," मी म्हटलं.

तिला खरं वाटेना. बरं नाही का गं, असं तिने दोनदा विचारलं.