सुनंदाच्या गावची ग्रामसभा

“मला सरपंच होऊन दीड वर्ष झालं, आन तू अजून गावात पाय ठेवला न्हाईस! प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा हाय, हुरडाबी हाय. येतीस का न्हाय ते सांग.”

सुनंदा माझी हॉस्टेलमधली रूममेट. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावात तिचं सासर. तिथली सरपंचाची जागा महिलांसाठी राखीव झाली आणि ही निवडून आली. फोनवर तिच्या आवाजात हुकूमच होता, त्यामुळे मी पुण्याहून सकाळची गाडी पकडली.

सोलापूर स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड. तिथे कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी नक्की घ्या, चार दिवस टिकते. मंगळवेढ्याला एसटीने दीड तास लागतो, बायकांना अर्धं तिकीट. पुढे वडापची, म्हणजे भरली की सुटणारी जीप, माणशी तीस रुपये. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि निसवलेली, कणसं धरलेली ज्वारी. नजर संपेल, पण रान संपत नाही.

जीपवाल्याला म्हटलं, “सरपंचांकडे जायचंय.”

“भारतभाऊंकडं व्हय?”

भारत म्हणजे सुनंदाचा नवरा. मागे बसलेल्या एका मावशींनीच त्याला झापलं, “सरपंच सुनंदा हाय की रं! भारत निस्ता मोटार चालू करतो पान्याची.” जीपभर हशा.

संध्याकाळी रानात आगटीभोवती बसून गरम हुरडा खाल्ला. सुनंदा मात्र फार खात नव्हती. उद्या तिला एक ठराव मांडायचा होता : गावातल्या प्रत्येक घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. मागच्या वर्षी तिच्या शेजारच्या बाईला नवरा वारल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं होतं, आणि दाखवायला तिच्याकडे एक कागद नव्हता.

“तात्या आडवं येनार,” ती म्हणाली. तात्या म्हणजे विरोधी गटाचे पुढारी.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा भरली. पुरुष सतरंजीवर, बायका कडेला भिंतीला टेकून. सुनंदाने ठराव वाचला. तात्या उठले, अगदी गोड हसत म्हणाले, “चांगलं हाय. पन सरपंचबाई, तुमच्या सोताच्या घरावर तुमचं नाव हाय का?”

घर तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. सुनंदा सरळ म्हणाली, “न्हाय, तात्या.”

पुरुषांत खसखस पिकली. तेवढ्यात भिंतीजवळून सुनंदाच्या सासूबाई उठल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आजवर त्या ग्रामसभेत कधी बोलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर नीट करून त्या म्हणाल्या, “तिचं कुटलं आसंल? माजंबी न्हाय. चाळीस वर्सं त्या भिंती मी सारवल्या. आदी माजं लिवा, मग तिचंबी लिवा.”

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णा गोंधळून म्हणाले, “आता मी कवा न्हाय म्हनलं? तू कदी बोललीसच न्हाईस.”

“आज बोलले की!”

पटांगण हसून हसून लोटपोट. अण्णांनी तिथल्या तिथे ग्रामसेवकांकडून अर्ज घेतला आणि अक्कांच्या नावासाठी सही केली. ठराव मंजूर झाला. तात्यांनीही हात वर केला, जरा उशिरा.

त्यानंतर अकरा बायकांनी अर्ज नेले. एक जण रांगेतून मागे फिरली. नवरा लांबून बघत होता. सुनंदाने तिला हाक मारली नाही. “तिच्या घरी मी जाईन,” एवढंच म्हणाली. त्या रात्री मात्र तिने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

परतताना मुक्काम करायचा असेल तर मंगळवेढ्यात साधी, स्वच्छ लॉज आहेत. सोलापूरहून अक्कलकोटही गाठता येईल. मी नाही गेले. अक्कांनी बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ सांभाळत थेट घरी आले.

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. गेली बारा वर्षं तिथे नवराच जातो, मी घरी चहा पिते. या वेळी मीही चप्पल घातली. “कंटाळशील गं,” तो म्हणाला. म्हटलं, “बघू.”

सभेत आम्ही तिघीच बायका. संध्याकाळी जिन्यातले दिवे बंद ठेवण्याचा विषय निघाला. कामावरून उशिरा येणाऱ्या मुली त्याच अंधाऱ्या जिन्यातून चढतात. मी उभी राहिले. “जिन्यातले दिवे चालूच राहू द्या,” म्हटलं.

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. “वहिनी, साहेबांचं हेच मत आहे का?”

“त्यांना विचारा,” मी म्हणाले. “हे माझं आहे.”