'आ करा' म्हणणारे भाऊजी

माझ्या भाऊजींइतका संतापी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नव्हता, आणि त्यांच्या संतापाइतका रास्त संताप मी तरी दुसऱ्या कुणाच्या अंगी पाहिला नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत, भडक डोक्याचे म्हणत, पाठीमागे तर चक्क 'येडा डॉक्टर' म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे कान त्यांनीच बरे केलेले होते; नाहीतर आपण पाठीमागे किती मोठ्याने बोलतो आहोत हेही त्या बिचाऱ्यांना कळलं नसतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. नाक-कान-घशाचे सर्जन, सरकारी दवाखान्यात नोकरी, आणि नोकरी सांभाळून दोन गोष्टींच्या संशोधनाने झपाटलेले. सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात कर्करोग कसा शिरतो ही एक, आणि कानाच्या अगदी आतल्या भागात बिघाड झाला की माणसाला घेरी का येते ही दुसरी. मूळचे पारशिवनीकडचे. शिकवताना छापील मराठी बोलत, पण संताप चढला की भाषा थेट गावी जाऊन पोचे. 'का' चं 'काहून' झालं की हुशार विद्यार्थी मागच्या दाराने निघून जात. डॉक्टर लोक कपाळाला बांधतात तो गोल आरसा काढायचं त्यांना कधी भान राहत नसे. तो आरसा तसाच बांधून ते स्कूटरवरून सीताबर्डीच्या गर्दीतून जात, आणि वाटेत कुणी थुंकताना दिसला की स्कूटर थांबवून त्याला म्हणत, "थुंकलास ते थुंकलास, आता आ कर."

ताईला पाहायला आले तेव्हाच आमच्या घराला या प्रकरणाची चुणूक मिळाली होती. सोबत त्यांचे मोठे भाऊ होते. दादा. आईवडील लवकर गेल्यावर याच दादांनी शेती सांभाळून धाकट्याला वाढवलं होतं. मुलगी पसंत पडली, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सुपारी फोडायचं ठरलं. सुपारी फुटली, सगळे हसले, आणि बाबांनी सवयीने एक तुकडा तोंडाकडे नेला. भावी जावयाने त्यांचं मनगटच धरलं. "फोडायला माझी हरकत नाही," भाऊजी म्हणाले, "खायला आहे." मग ताटातले सगळे तुकडे वेचून त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात टाकले, दुसऱ्या खिशातून बॅटरी काढली आणि बाबांना म्हणाले, "आ करा." आमच्या बाबांपुढे मान वर करून बोलायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. पण त्या दिवशी बाबांनी आ केला. आई दाराआडून पाहत होती. नंतर ती म्हणाली, "ह्यांना गप्प बसवणारा निघाला एकदाचा. द्या मुलगी." दादा तेवढे शांत होते. एक हात तोंडावर धरून हसत होते.

सत्तरच्या आगेमागे मी कॉलेजसाठी ताईकडे धरमपेठेत राहायला आले. बैठकीच्या भिंतीवर इतरांकडे देवादिकांचे किंवा डोंगरदऱ्यांचे फोटो असतात. ताईच्या बैठकीत उघड्या तोंडांचे फोटो होते. पांढरे पडलेले गाल, ताठरलेल्या जिभा, कोपऱ्यातले व्रण. ताईने त्यांच्यावर फुलाफुलांचा पडदा शिवून लावला होता. पाहुणा चहाला टेकला रे टेकला की भाऊजी पडदा सारत, आणि पाहुणा कप खाली ठेवी. त्यांची मुख्य परीक्षा साधी होती. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावली पाहिजेत. सुपारी खाऊन खाऊन गालाच्या आतलं अस्तर आवळत जातं, मग दोनच मावतात, मग एक, आणि मग घासही आत जाईनासा होतो. ही परीक्षा त्यांनी पोस्टमनची घेतली, दूधवाल्याची घेतली, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींची पोथी थांबवून घेतली. कोपऱ्यावरच्या पानठेल्यासमोर तर ते रोज संध्याकाळी हात मागे बांधून उभे राहत. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, घोटून मागणाऱ्याला आधी यांच्यापुढे तोंड उघडावं लागे. पानठेलेवाला एकदा रडकुंडीला येऊन घरी आला.

"डॉक्टरसाब, धंदा बसून राहिला माहा. तुमी दवाखान्यात पाहा ना तोंडं!"

"दवाखान्यात येतात तवा वेळ गेलेला असते," भाऊजी कडाडले. "काहून येऊ देऊ मी तिथवर? आणि तू आ कर पहिले."

पानठेलेवाल्याने आ केला. दोन बोटं. त्याला खुर्चीवर बसवून भाऊजी तासभर बोलले. त्याने स्वतः खर्रा सोडला, विकायचा मात्र नाही. त्या गोष्टीचा भाऊजींना अखेरपर्यंत राग होता, आणि खरं सांगायचं तर मलाही आहे.

दुसऱ्या संशोधनात माझी भूमिका मोठी होती. माझे कान उत्तम असल्याचा शोध त्यांना लागला आणि मी घरातला 'नमुना' झाले. मला फिरत्या स्टुलावर बसवून गरगरा फिरवायचं, थांबवून डोळ्यांत पाहायचं. मला आडवं करून कानात गार पाणी सोडायचं आणि बुबुळं कशी हेलकावे खातात ते विद्यार्थ्यांना दाखवायचं. त्यावेळी खोली अशी काही फिरे की मी पलंगाची कड घट्ट धरून ओरडत असे. "छान!" भाऊजी म्हणत. "अशीच घेरी आली पाहिजे." नागपुरात बी.ए. करायला आलेल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीला असं उत्तेजन मिळालं नसेल.

पण या गार पाण्यानेच एका बाईचा संसार सावरला. भिवापूरची, मिरच्यांचे देठ मोडायच्या कामावर जाणारी तरणी बाई. एका कानात सतत भुंगा गुणगुणल्यासारखं व्हायचं, आणि मधूनच सगळं जग असं फिरायचं की ती जागच्या जागी कोसळायची, ओकायची. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. भगत आला, कडुलिंबाचे फोक आले, मार आला. तिच्या भावाने तिला कसंबसं नागपूरला आणलं, भाऊजींनी कानाचा आजार ओळखला, औषध सुरू केलं. आणि मग ती यायची थांबली. भावाने येऊन सांगितलं की सासरच्यांनी औषध फेकून दिलं, आता तिला कायमचं माहेरी धाडणार आहेत.

भाऊजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. रविवार होता. ताईच्या थर्मासात बर्फाचं पाणी भरून, मला 'नमुना' म्हणून सोबत घेऊन ते एस.टी.त बसले. भिवापूरला त्या घरी पोचलो तेव्हा अंगणात भगत बसलाच होता. भाऊजींनी त्याला अदबीने विचारलं, "महाराज, तुमच्या अंगात बाधा शिरेल का?" तो हसला. त्याच्या अंगात शिरायची कुण्या बाधेची टाप नव्हती म्हणे. "मग जरा आडवे व्हा." भाऊजींनी आधी त्याच्या कानाचा पडदा शाबूत आहे की नाही ते नीट तपासलं. संतापातसुद्धा हा माणूस डॉक्टरकी विसरत नसे. मग थर्मासातलं पाणी त्याच्या कानात सोडलं.

भगताने दोन्ही हातांनी बाज धरली. त्याची बुबुळं एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत. "पडलो! पडलो! धरा मले!" तो आक्रोश करू लागला, आणि नंतर बाजेखाली वाकून ओकला.

"आता याच्या अंगात कोन शिरलं, सांगा!" भाऊजी अंगणाच्या मधोमध उभे राहून गरजले. "पानी शिरलं, पानी! या पोरीच्या कानात बी पानीच वाढलं हाय आतून. तिले फोकानं मारता? याले मारा ना मग!"

सासू बराच वेळ भगताकडे पाहत राहिली. मग उठली, सुनेजवळ गेली आणि तिच्या पाठीवरचे वळ पदराने झाकत म्हणाली, "असंच होते का वं तुले? रोज?" सून नुसती रडली. त्यानंतर औषधाला तिला सासूच घेऊन येई. झटके पुष्कळ कमी झाले, तरी तो कान वाचला नाही. परतीच्या एस.टी.त भाऊजी रिकामा थर्मास मांडीवर धरून बसले होते. "एवढ्या शहाण्यांच्या गावात तिचं ऐकणारा एक नव्हता," इतकंच म्हणाले.

गावच्या लोकांना निदान दाखवलं की दिसे. शिकलेल्यांना दाखवूनही दिसत नसे, आणि त्या आठवणीने माझा जीव आजही जळतो. डॉक्टरांच्या एका मोठ्या सभेत भाऊजींनी आपले फोटो पडद्यावर दाखवले. तंबाखू न घालता नुसती सुपारी चघळणाऱ्यांचेही गाल कसे आवळतात हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या तपासणीवरून मांडलं. ताई आणि मी मागच्या रांगेत होतो. अध्यक्षस्थानी एक वजनदार वडीलधारे डॉक्टर होते. ते उठून म्हणाले, "हे उद्या गणपतीपुढची सुपारीसुद्धा उचलायला लावतील!" सभागृह खदखदून हसलं. आणि आभार मानून होताच, त्याच सभागृहात, त्याच डॉक्टरांपुढे, चांदीच्या तबकातून पानसुपारी फिरू लागली. भाऊजींनी वाढप्याच्या हातून तबक घेतलं, व्यासपीठावर चढून अध्यक्षांपुढे धरलं आणि म्हणाले, "खा, साहेब. पुढच्या वर्षी पडद्यावर तुमचेच गाल दाखवतो."

यावर कुणी हसलं नाही. काही दिवसांत दवाखान्याने त्यांची तपासणीची खोली भंगार ठेवायला हवी म्हणून काढून घेतली. फोटोचा कॅमेरा दुसऱ्या विभागाला लागला. एवढं ज्याने गावोगाव फिरून जमवलं, त्या माणसाला बसायला साधं स्टूल उरलं नाही! भाऊजींनी आपलं काम घरच्या व्हरांड्यात मांडलं, आणि ताईने त्या पेशंटांना चहा द्यायला सुरुवात केली.

त्याच वर्षी दिवाळीला दादा आले. ताईने पानात भिवापुरी मिरच्यांचा ठेचा वाढला, कारण दादा नुसत्या ठेच्याशी भाकरी खात. दादांनी ठेचा बोटाने बाजूला सारला, भाकरीही नको म्हणाले, आणि वरणभात कालवून पातळ करून हळूहळू गिळत बसले. ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी ताटाकडे पाहिलं. तिखट सोसेनासं होणं आणि तोंड आखडणं म्हणजे काय, हे त्या घरात मोलकरणीलासुद्धा पाठ होतं.

भाऊजी जेवण टाकून उठले. हात धुतले, परत आले, दादांपुढे उभे राहिले. ज्या माणसाने पानठेलेवाल्याला, गुरुजींना, सासऱ्याला आ करायला लावलं, त्याच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. बापाच्या जागी असलेल्या माणसाला हुकूम कसा करायचा? ते तसेच व्हरांड्यात गेले आणि कारण नसताना अंगणात काम करणाऱ्या माळ्यावर ओरडू लागले.

दादाच मग उठून त्यांच्यामागे गेले. "बापू," ते म्हणाले, "काहून ओरडून राहिला त्याच्यावर? पाह्य माहं तोंड."

तोंड एका बोटाइतकंच उघडत होतं. जिभेच्या कडेला व्रण होता. भाऊजींनी बॅटरी विझवली.

"कवापासून, दादा?"

"झाले असन लय दिवस. तू कधी इचारलं नाही, म्या सांगतलं नाही."

"आख्ख्या नागपुराले इचारलं न् तुमालेच नाही इचारलं," भाऊजी म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं. मला ते सहन झालं नाही.

स्वतःच्या भावावर स्वतः शस्त्र चालवू नये असं सगळ्यांनी सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. भाऊजी आत उभे होते, पण ते दिव्याला रागावू लागले, चिमट्याला रागावू लागले, तेव्हा त्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "सर, बाहेर थांबा." आणि सर मुकाट्याने बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले.

दादा वाचले. अर्धी जीभ आणि जबड्याची एक बाजू गेली. बोलणं म्हणजे नुसते ओले, गोल गोल आवाज झाले. गावात लोक तोंडावर हसत, पोरं नक्कल करीत, आणि मला त्या एकेकाला धरून बडवावंसं वाटे. भाऊजींना मात्र दादांचं सगळं समजे. दादा काही म्हणत, भाऊजी मान हलवत, आणि आम्हाला सांगत : दादा म्हणतात यंदा संत्रा चांगला आहे, दादा म्हणतात पंखा बंद करा. दादांच्या डोळ्यांत तेव्हा असं समाधान दिसे की आम्हीही मग त्यांना न घाबरता बोलतं करू लागलो.

माझ्या लग्नात दादा मांडवात उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. काहीतरी मोठं बोलत होते, हात हलवत होते, मध्येच थांबून माझ्याकडे पाहत होते. सगळा मांडव स्तब्ध झाला. संपल्यावर भाऊजी घसा साफ करून म्हणाले, "दादा म्हणतात, सगळ्यांनी जेवून जा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा प्रसन्न होऊन बसले.

आणखी काही वर्षं जगून दादा गेले. भाऊजी निवृत्त झाले. राग उतरला होता, नुसते बसून असत. एकदा मी ताईकडे माहेरपणाला गेले असताना त्यांच्याजवळ व्हरांड्यात बसले आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं : "भाऊजी, माझ्या लग्नात दादा खरंच काय म्हणाले होते? एवढं सगळं जेवणाबद्दलच होतं का?"

भाऊजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मले नाही समजलं वं," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर मले त्यांचं पुरतं कधीच समजलं नाही. पण त्यांना वाटे, बापूले समजते. मग काय सांगू?"

जरा वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "आता बसल्या बसल्या अर्थ लावून पाहतो कधी कधी. काय म्हणाले असतील, कुठून सुरुवात केली असेल." आणि दुपारच्या त्या निवांत उन्हात त्यांचे ओठ हळूहळू हलू लागले, आवाज न करता.