आमच्या घराण्यात सरदार नाही

बाळांनो,

आपल्या घराण्याची नावं म्हणणाऱ्या हेळव्याचा व्हिडिओ पाठवला, त्यावर तुमचे दोन प्रश्न आले. हा माणूस अंगणात मोटारसायकलवर बसूनच का बोलतो? आणि सगळं सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून का सुरू करतो, तो दुसरा भाग कापला तर चालेल का? चालणार नाही. का, ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तुम्ही जेवत असता आणि आवाज मध्येच जातो. म्हणून लिहिते आहे, आणि लगेच लिहिते आहे, कारण उशीर केला तर तुम्ही कापून मोकळे व्हाल.

सुरुवात टीव्हीपासून करायला हवी. गेल्या सुट्टीत तुमच्या बाबाने आम्हाला ते वंशशोधाचे इंग्रजी कार्यक्रम लावून दिले. कुणी नामांकित माणूस आपले पूर्वज शोधत गावोगाव फिरतो. पांढरे हातमोजे घातलेली बाई त्याच्यापुढे पिवळा कागद ठेवते. तो वाचतो, त्याची हनुवटी थरथरते, पियानो वाजतो. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये हे बघायला समोरच्या वहिनी येत आणि शेजारचे निवृत्त वकीलआप्पा येत. मी मधूनमधून मराठीत समजावून सांगे.

वहिनींना रडणं हवं असायचं. कचेऱ्या, कागद, म्हातारे ग्रंथपाल यांत त्यांना रस नव्हता. "पियानो वाजला की हाक मारा, तोवर मी कुकर बघून येते," म्हणून त्या जात, आणि परत येऊन दारातूनच विचारत, "रडला का?" एकदा एक गृहस्थ शेवटपर्यंत रडलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मग ह्याला घेतला कशाला कार्यक्रमात?"

वकीलआप्पांना पुरावा लागे. "हे सगळं ऐकीव आहे, कोर्टात टिकणार नाही," असं ते बसल्या जागेवरून त्या हातमोजेवाल्या बाईला बजावत. पण कुणाचा पूर्वज तलवारवाला निघाला की पुराव्याची अट ते आपणहून शिथिल करत. मला स्वतःला तारखा जुळलेल्या आवडतात. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. कुणाचा पणजोबा दुकानात पुड्या बांधत सुखाने म्हातारा झाला, असं एकाही भागात निघालं नाही. निघत असणार. पण ते बघायला आम्हीसुद्धा बसलो नसतो.

आक्कांना काय हवं होतं ते मला उशिरा कळलं. आक्का, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, तुमच्या आक्काआजी. लग्न केलं नाही, निपाणीला मुलींच्या शाळेत हेडबाई होत्या, आणि निवृत्तीनंतर बेळगावला आमच्याकडे आल्या. कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर त्या घराण्याचं झाड काढून दाखवत. आम्ही चहाला उठायचो. आक्का चष्मा सावरून त्या झाडावरची नावं वाचत बसायच्या. एके दिवशी त्यांनी मला परत बसवलं.

"ही बघ गं. हिचं लग्न झालं न्हाय. तरी हिचं नाव हाय झाडावर."

"आहे की."

"आपल्या हेळव्याच्या म्हणण्यात माझं न्हाय. दादाचं हाय, तुझ्या नवऱ्याचं हाय. माझ्यापाशी येतंय आणि उडी मारून पुढं जातंय."

हेळवी म्हणजे घराण्याची नावं तोंडपाठ सांगणारा माणूस. एकेका हेळव्याची घरं ठरलेली असतात. सुगी झाली की तो बैलावर बसून दारात येतो, मूळपुरुषापासून आजच्या पोरापर्यंत सगळ्या पिढ्या सुरात म्हणतो, आणि धान्य घेऊन जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा निपाणीच्या घरी तो येत असे. बेळगावला आल्यावर आमचा त्याच्याशी संबंध सुटला.

तेवढ्यात तुमचा निरोप आला की नळीत थुंकून पाठवा, त्यावरून वंश कळेल.

"थुंकून?" आक्का म्हणाल्या. "आमच्यात थुंकून नाती तोडत्यात. तिकडं जोडत्यात व्हय?" मग म्हणाल्या, "आपला हेळवी बोलवा. मला त्याला एक विचारायचंय."

कोगनोळीच्या चुलतघरी निरोप धाडला आणि एका रविवारी हेळवी आला. डोक्याला फेटा, खिशात दोन मोबाइल, आणि खाली मोटारसायकल. ती त्याने अंगणात तुळशीसमोर आणली, स्टँडवर लावली, आणि वर तसाच बसून राहिला. मी खुर्ची पुढे केली.

"नको बाईसाब. बैलावरनं उतरून सांगायची पद्धत न्हाय आमची."

"ही मोटारसायकल आहे," वकीलआप्पा म्हणाले.

"बैलाला चारा कोण घालतंय आता, साहेब? पर पद्धत ती पद्धत."

हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

तो सांगू लागला. आवाज भरदार होता. वहिनी कुकर बंद करून आल्या होत्या. मूळपुरुष खानापूरच्या रानाकडून निघाला, असं आलं तेव्हा वकीलआप्पा पुढे सरकले.

"का निघाला? स्वारी आली होती?"

"फणसावरनं भावाशी भांडला. झाड बांधावर हुतं. रागारागानं निघाला तो निपाणीला येऊन थांबला."

"बरं, पुढे?"

पुढचा तंबाखू लावायचा. त्याच्या पुढचा दोन बायकांचा धनी होता आणि दोघींना भ्यायचा. वहिनींनी विचारलं, "लढाईत कुणी पडलं न्हाय का?" हेळव्याने डोळे मिटून आठवलं. "एकजण निघाला हुता लढाईला. वाटेत पोट बिघडलं. परत आला."

वकीलआप्पांना हे सहन होईना. घराणं आमचं होतं, पण लाज त्यांना वाटत होती. "अहो, एखादा सरदार असेल की. नीट आठवा."

"सरदार लई जण मागत्यात, साहेब. पर माझ्या बानं जो सांगितला न्हाय, तो मी कुठनं आणू?"

असं करत तो आक्कांच्या वडिलांपर्यंत आला, त्यांचे तीन मुलगे ओळीने सांगितले, आणि तुमच्या बाबापाशी येऊन थांबला. मी जोंधळ्याचं पोतं आणि नवा स्टीलचा मोठा डबा तयार ठेवला होता. तो द्यायला उठले, तर आक्का म्हणाल्या, "थांब गं." आणि हेळव्याला, "माझं नाव कुठं हाय?"

"लेकी सांगत न्हाय आम्ही, आक्का. लेक सासरी जाती."

"मग सासरच्या हेळव्याकडं तिचं नाव असतं?"

"तसं तिथंबी न्हाय. तिथं नवऱ्याचं असतं."

"बरं. मी सासरी गेलेच न्हाय. मी कुठल्या घरात?"

हेळव्याने फेटा काढला, डोकं खाजवलं, परत घातला. "असं अजून कुणी विचारलं न्हवतं," तो म्हणाला. आक्का काठीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. वर्गात पोरगी उत्तर देईपर्यंत त्या अशाच उभ्या राहत असाव्यात.

"नवीन नाव लावायचं तर घरानं भांडं द्यायची रीत हाय," तो शेवटी म्हणाला. "पोरगा जन्मला की देत्यात. भांडं आलं तर मी लावतो."

मी डबा पुढे केला. "स्टील नको," आक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या. व्हिडिओत आक्काआजी मध्येच उठून जाते ना, ती कुठे? आपल्या पगारातून घेतलेली पितळेची कळशी आणायला. तिला त्या कुणाला हात लावू देत नसत. ती आणून त्यांनी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवली.

आता वकीलआप्पांची हरकत आली. "मघाशी सरदार घालता येत नव्हता, मग बाई कशी घालता येते?"

"सरदार झालाच न्हवता, साहेब," हेळवी म्हणाला. "ही तर समोर हाय."

मग त्याने आक्कांना विचारलं, "नावापुढं काय सांगू? प्रत्येकाचं एक सांगावं लागतंय. फणसावरनं भांडला, तसं."

वकीलआप्पा म्हणाले, "आदर्श मुख्याध्यापिका." वहिनी म्हणाल्या, "किती पोरींना शिकवलं ते सांगा." आक्कांनी विचार केला. "सांगा, ही गेली न्हाय. घरातच ऱ्हायली."

"आणि परदेशातली पोरं?" हेळव्याने विचारलं. "पोराचं लावू?"

"पोरीचंबी," आक्का म्हणाल्या.

"मग अजून भांडं लागंल. आणि काय ते एकदाच ठरवा. नाव मध्येच घालता येत न्हाय, वरनं सगळं म्हणावं लागतंय."

म्हणून दुसऱ्यांदा. पुन्हा फणस, पुन्हा तंबाखू, पुन्हा बिघडलेलं पोट. वहिनी आक्कांच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या होत्या, पदर हातात तयार ठेवून. आक्कांचं नाव आलं, "गेली न्हाय, घरातच ऱ्हायली" झालं, आणि त्याच सुरात पुढचं नाव सुरूही झालं. पियानो वाजला नाही. आक्का रडल्या नाहीत.

"लई भरकन गेलं," त्या म्हणाल्या.

हेळवी म्हणताना थांबत नाही, पण थांबला. "सगळ्यांचं तसंच जातंय, आक्का."

त्यावर आक्का हसल्या, आणि तयार ठेवलेला पदर वाया जाऊ नये म्हणून वहिनींनी स्वतःचेच डोळे पुसले.

तेव्हा कापू नका. नवा डबा नातवाच्या नावाला गेला, आणि भात ठेवायचा स्टीलचा डबाही आता घरात नाही, तो नातीच्या नावाला गेला. खानापूरकडचा फणस कधीच तुटला, निपाणीचं घर विकलं, कळशी हेळव्याच्या घरी पाणी भरते आहे. हेळव्याचं म्हणणं तेवढं आहे. त्यात आक्कांचं नाव आहे, आणि त्याखाली तुम्हा दोघांची.