जुदासच्या जागेवर कोण बसणार?

आमच्या मरोळच्या घरात चित्र एकच होतं, आणि ते चित्र आहे हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.

म्हणजे ते भिंतीवर होतंच. जेवणाच्या टेबलाशी, बरोबर पपांच्या डोक्यामागे. प्रभू येशूचं बारा प्रेषितांबरोबरचं शेवटचं भोजन. आमच्या गावठाणात ते नाही असं एक घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा! पण आम्ही त्याच्याकडे बघत नव्हतो, त्याच्याखाली जेवत होतो. आईच्या चुलीच्या धुरानं त्यातले प्रेषित इतके सावळे झाले होते की सगळे आमच्याच नात्यातले वाटायचे.

मी तेव्हा फोर्टात एका कचेरीत कारकून होतो. एकदा सुटल्यावर, निव्वळ पंख्याचा वारा खायला म्हणून, एका चित्रप्रदर्शनात शिरलो. आत झब्बा घातलेले एक दाढीवाले गृहस्थ हात उडवून बोलत होते. "चित्रं भिंतीला टांगून मारू नका! चित्र खा! चित्र नेसा! चित्रात हिंडा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

दुसऱ्याच दिवशी मी आईला म्हणालो, "आई, ताटात रंगसंगती पाहिजे."

"काय पाहिजे?"

"लाल रश्शाशेजारी काहीतरी हिरवं पाहिजे. डोळ्यांना बरं वाटतं."

आईनं ताटाच्या कडेला एक अख्खी हिरवी मिरची ठेवली. "घे. खा आता चित्र!" मी खाल्लं. (कलेसाठी माणसाला डोळ्यांतून पाणी काढावं लागतं, ते असं.)

माझी धाकटी बहीण रोझी मात्र गुणी. तिला म्हटलं, निळ्या झग्यावर नारिंगी रिबीन बांध, चित्रांत असंच असतं. तिनं बांधली, आणि रविवारी चर्चमध्ये मिसाला बायका प्रार्थना सोडून तिच्याकडे वळून बघायला लागल्या. झालं! माझ्या डोक्यात हवा गेली. खाणं झालं, नेसणं झालं, राहिलं हिंडणं. पुढच्या रविवारी मी रोझीला आणि आजीला घेऊन बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यात गेलो.

मी दगडातल्या मूर्तींकडे बोट दाखवून बोलत होतो. आजीनं चपला काढल्या, थंडगार फरशीवर पाय पसरले आणि म्हणाली, "तू मूर्ती बघ रं बस्त्याव. मी वारा बघते." आणि डोळे मिटून खरंच बघत बसली. मग एकदम म्हणाली, "वाढदिवसाला मला काय नको. माझे दोघं एका टेबलावर जेवायला बसू देत. नायतर मी अशीच जाईन."

दोघं म्हणजे पपा आणि पास्कू काका. सख्खे भाऊ, आणि चार वर्षं बोलणं बंद! कारण? गावच्या सणाच्या मिरवणुकीत मूर्तीवरच्या छत्राच्या पुढच्या दोन काठ्या या दोघांकडे होत्या. छत्र तिरकं झालं. पपा म्हणाले, पास्कू धावत होता. काका म्हणाले, थोरला झोपेत चालत होता. पाद्रीबाबांसमोर जुंपली, आणि काका उठून चेंबूरला सासुरवाडीच्या गावठाणात राहायला गेले ते गेलेच. आजी रोज दोघांसाठी प्रार्थना करायची, आणि रोज रडायची. मला ते बघवत नव्हतं, हे अगदी खरं.

"आजी, तू काळजी सोड," मी म्हणालो. "वाढदिवसाचं जेवण माझ्याकडे लागलं!"

चेंबूरला जाऊन काकांचे पाय धरले. "माय म्हणते म्हणून येतो," काका म्हणाले, "पण तो पहिला बोलला तरच मी बोलणार." घरी येऊन पपांचे पाय धरले. पपांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी 'ये पास्कू' एवढे दोन शब्द बोलायला तयार झाले. इथं थांबलो असतो तर मी आज शहाणा म्हणून ओळखला गेलो असतो.

पण मला एका टेबलावरचं जेवण म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मी वर बघितलं, तर चित्र! ठरलं. तस्सं टेबल, तस्से कपडे, तस्सं जेवण!

आमचं टेबल पडलं सहा जणांचं. म्हणून मी मागच्या पडवीचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि दोन पिंपांवर आडवं टाकलं. वर पांढरीशुभ्र चादर. एका बाजूला चर्चच्या हॉलमधून आणलेले लांब बाक.

"आणि या बाजूला कोण बसणार?" आईनं विचारलं.

"कोणी नाही."

"का?"

"चित्रात कोणी नाही."

"चित्रात वाढणारी बाई पण नाही!" आई म्हणाली. "मग मी जाऊ माहेरी?"

जेवण म्हणून मी पाव आणि मासे एवढंच सांगितलं होतं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की यादीत मटणाचं इंद्याल, डुकराचं सॉर्पोटेल आणि टोपलंभर फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आपोआप आले. द्राक्षरसाची अडचण होती, कारण दारूबंदी. मी आमसुलाचं सरबत केलं, रंग डिट्टो तोच! (पडवीत मडक्यात काय होतं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.) कपड्यांसाठी घरातले पडदे, चादरी, पलंगपोस सगळे उतरवले. पपांच्या वाट्याला गुलाबाच्या फुलांचा पडदा आला.

"मी हे नेसणार नाही."

"पपा, आजीसाठी."

पपा नेसले. कोटाच्या वरून!

मधल्या, प्रभूच्या जागेवर कोणी बसायचं नाही, तिथं मेणबत्ती लावायची, हे आईनं ठणकावून सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. बाकीच्या जागा मात्र आदल्या दिवशीपासूनच गेल्या. केस छान आहेत म्हणून चित्रातला लांब केसांचा योहान रोझीनं पकडला. शेजारचे इनास मामा म्हणाले, "पीटर मी! माझ्याकडे किल्ल्या आहेत." (स्वर्गाच्या किल्ल्या पीटरकडे, आणि मामा शाळेचे वॉचमन होते.) आजी, पपा, शेजारपाजारचे, सगळ्यांनी आपापले प्रेषित धरले. उरला एकच. हातात थैली घट्ट धरलेला, प्रभूला तीस नाण्यांना विकणारा जुदास.

"पपा, तुम्ही...?"

"मी घरचा कर्ता. मी जुदास?"

"इनास मामा?"

"मी चर्चला दिवे लावतो रे बाबा!"

मी स्वतः बसलो असतो, पण मला लांब उभं राहून सगळं कसं दिसतं ते बघायचं होतं. बघताना तुलना करता यावी म्हणून चित्र मी समोरच्या भिंतीवर टांगलं होतं. बसणाऱ्यांना अगदी स्वच्छ दिसेल असं! ही माझी अक्कल.

सगळे पडदे नेसून ओळीनं बसले आणि दारात पास्कू काका उभे राहिले. सूट, टाय, डोक्यावर हॅट, मागे काकी केकचा डबा घेऊन. काकांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"काय रे बस्त्याव? धोब्याकडे कपडे गेलेत काय?"

आजीनं पपांकडे बघितलं. पपांनी गुलाबाचा पडदा सावरला, घसा साफ केला. "ये पास्कू."

"आलो," काका म्हणाले.

चार वर्षांनी! आजीनं डोळ्यांना पदर लावला. काकी केक टेबलावर ठेवून आईला मदत करायला आत गेली, आणि काका एकुलत्या एका मोकळ्या जागेवर बसले. मी श्वास सोडला. जमलं! झकास जमलं!

काकांनी फुगा उचलला, समोर बघितलं. चित्राकडे बघितलं. फुगा खाली ठेवला. मग बोट उचलून कडेपासून एकेक प्रेषित मोजायला लागले. बोट थांबलं.

"हा थैलीवाला," काका हळूच म्हणाले, "हा मी?"

रोझीनं पडदा तोंडावर ओढला.

"चार वर्षांनी घरी बोलावलंस," काका पपांकडे वळले, "आणि हे करायला?"

"मी कुठं केलं? उशिरा येईल त्याला उरेल ते!"

"अस्सं! म्हणजे मिरवणुकीत मी धावतो आणि जेवायला उशिरा येतो!"

"धावत होतासच!"

"आणि तू घोरत होतास!"

काकांनी हॅट उचलली. काकी आतून धावत आली. आईनं कपाळाला हात लावला. वाट लागली! आजी चार वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होती, तो मी माझ्या हातानं नासवला होता.

तेवढ्यात आजी उठली. हातात फुग्यांचं ताट घेऊन टेबलाला वळसा घालून ती काकांसमोर येऊन उभी राहिली. "बस रं पास्कू माझ्या जागेवर. जुदासच्या जागी मी बसते."

"माय!" दोघं एकदम ओरडले.

"त्यात काय? म्हातारीला कुठं पण बसवा."

"माय, तू नाही बसायचं तिथं!" काकांनी हॅट फेकली आणि परत बाकावर आदळले. "मी बसतो!"

"तू ऊठ!" पपा पडदा आवरत धावले. "मी थोरला. मायच्या ऐवजी मी बसणार!"

"थोरला म्हणून काय सगळं तुलाच पाहिजे?"

"सरक!"

"नाही सरकत! जुदास मी!"

"जुदास मी!"

दोघंही त्याच वीतभर बाकावर. दोघांचीही कोपरं टेबलाच्या कडेवर, जोर लावून. त्यांना ओढायला इनास मामा वाकले, रोझी वाकली, सगळे प्रेषित एकाच बाजूनं टेबल केलेल्या दारावर रेलले. आणि समोरच्या बाजूला तर कोणीच नव्हतं ना! (चित्रात नाही ना!) दार सावकाश उठलं. समोरची कड वर आली, वर आली, आणि सॉर्पोटेल, इंद्याल, मासे, केक, आमसुलाचं सरबत, सगळं शिस्तीनं घसरत बसलेल्यांच्या मांडीत गेलं. मेणबत्ती सरबतात विझली तेवढं बरं झालं, नाहीतर पडदे पेटले असते.

कोणी हलेना. कोणाला लागलं नव्हतं. पलीकडे आजी तेवढी कोरडी उभी होती, हातात फुग्यांचं ताट जसंच्या तसं.

पपांच्या कपाळावर केकचं क्रीम. काकांच्या टायवर सुरमई. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग खाली दाराकडे. मग समोरच्या चित्राकडे. आणि दोघं एका सुरात, एका दमात म्हणाले,

"ही अक्कल कोणाची?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. आजीचं सुद्धा!

"गाढव आहे हा!" पपा म्हणाले.

"अगदी बरोबर बोललास!" काका म्हणाले. "लहानपणापासूनच!"

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस! मीच लक्ष दिलं नाही!"

आणि पपा हसायला लागले. मग काका. मग आजी, रडत रडत. मी भिंतीला टेकून खाली बसलो. देवा, वाचवलंस! आईनं चटया अंथरल्या, टोपातलं उरलेलं सॉर्पोटेल काढलं, आणि दोघे भाऊ एकमेकांसमोर मांडी घालून फुगे खात माझ्या मूर्खपणाच्या जुन्या गोष्टी एकमेकांना सांगत बसले. आजी दोघांच्या मधे बसली होती आणि मधूनमधून गोष्टी पुरवत होती.

त्यानंतर काका दर रविवारी यायला लागले. भांडण काही सुटलं नाही, सुटणार पण नाही. पण दोघांचे आवाज चढले की आजी आतून मला हाक मारायची, "बस्त्याव, जरा चित्रांबद्दल बोल रं." मी बाहेर येऊन बोलायला लागायचो. तिसऱ्या वाक्याला दोघे सख्खे भाऊ खांद्याला खांदा लावून घराबाहेर पडलेले असायचे.