सुभेदारांची घरगाडी

जुनी गाडी दुरुस्त करायला चार माणसं एकत्र आली, की गाडी कधी तयार होईल ते देवाला ठाऊक. पण किस्से पहिल्या दिवसापासून तयार व्हायला लागतात! आमच्याकडं ते इतके साठलेत, की लग्नाच्या पंगतीत एक काढला तर ताक येईपर्यंत संपत नाहीत. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू का मंडळी, ते घडत होते तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं.

माणसं चारच. सुभेदार मिलिटरीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन इस्लामपूरला आलेले. त्यांची बायको शांताक्का. नवऱ्याची सगळी नोकरी तिनं ऊस आणि सासू सांभाळण्यात घालवलेली. "आता तुला घरासकट फिरवतो," असा सुभेदारांनी तिला शब्द दिला होता. तिसरा दत्तू सुतार. हमरस्त्याला त्याचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. चौथा मी, शाळेतला ड्रॉइंग मास्तर. रंगकाम माझ्याकडं. भीतीचं कामही माझ्याचकडं!

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची ही गोष्ट. सुभेदारांनी मिलिटरीनं मोडीत काढलेली एक अ‍ॅम्ब्युलन्स पुण्यात घेतली. तिचं घर करायचं होतं.

*

ती आणायला सुभेदार मला सोबत घेऊन गेले. येताना खंबाटकीचा घाट उतरताना त्यांनी ब्रेकवर पाय दिला. पाय पार फळीला टेकला आणि गाडी होती त्याच वेगात पुढं!

उजवीकडं दरी. सुभेदारांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. समोर बघत ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या बाजूचं दार उघडतंय का बघा बरं."

"का हो?"

"न्हाई, सहज."

मी खांदा लावला, लाथ मारली. गंजलेलं दार जागचं हललं नाही. "नाही उघडत!" मी ओरडलो.

"मंग बसा. आता दोघं संगंच."

त्यांनी गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं. मग गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि ठिणग्या उडवत एका मुरमाच्या ढिगात घुसवली. गाडी थांबल्यावर मी खिडकीतून बाहेर पडलो. साताऱ्यात ब्रेक दुरुस्त होईपर्यंत परत बसलो नाही. तिथवर एसटीनं आलो!

*

गाडी दत्तूच्या कारखान्यात लावली. आतलं छत कुजलेलं होतं. दत्तू फळीवर उताणा झोपून एकेक प्लायवूड उपसत होता. एक तुकडा निघाला आणि त्याबरोबर त्याच्या छातीवर काहीतरी लांबडं, पांढरं, हलकं पडलं. सापाची कात!

दत्तू फळीवरनं खाली कसा आला ते त्यालाही आठवत नाही.

"कवाची तरी जुनी असंल," सुभेदार म्हणाले.

शांताक्कानं कात बोटांत धरून बघितली. "न्हाई आवं. अजून ओली हाय."

झालं! पुढं कित्येक दिवस आम्ही हातोडीनं ठोकून, शिट्ट्या मारून, मगच हात घालायचो. साप काही दिसेना. शेवटी इंजिन जोडून झालं. ते चालू करून बघायला सुभेदार आणि मी पुढं बसलो. इंजिन तापलं, आणि डॅशबोर्डखालून एक गार, जड वस्तू माझ्या पायाच्या घोट्यावरून सरकायला लागली. संपता संपेना.

"मास्तर, हलू नका," सुभेदार कुजबुजले.

हलतोय कोण! मला माझे पाय आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं. साप सावकाश उतरला, कारखान्याचं अंगण ओलांडलं आणि उसात गेला.

"गेला," सुभेदार म्हणाले. "श्वास घ्या आता."

*

त्यानंतर गाडी रडायला लागली.

खरंच सांगतो! दुपारी उसावरनं वारा सुटला, की बंद गाडीतनं बाई कण्हल्यासारखा आवाज यायचा. अ‍ॅम्ब्युलन्सच ती. तिच्यात कोण कोण शेवटचं झोपलं असेल, याचा विचार प्रत्येकाच्या मनात होताच. आता लोक तो बोलून दाखवायला लागले. पुढच्या चाकाशी कुणीतरी लिंबू आणि हळदकुंकू ठेवून गेलं. दत्तूनं आत एकट्यानं काम करायचं बंद केलं. मी तर रंगाचा डबा बाहेरच ठेवायचो.

एका दुपारी आवाज सुरू झाला आणि शांताक्का उदबत्ती पेटवून आत शिरली. आतनं दार लावून घेतलं! आम्ही तिघं बाहेर. आत ते कण्हणं चढत चाललेलं. सुभेदारांनी पहिल्यांदाच माझा हात धरला.

एकाएकी आवाज थांबला.

सांगतो तुम्हाला, आवाजापेक्षा त्या शांततेनं माझं काळीज जास्त हललं. सुभेदार ओरडले, "शांते!"

दार उघडलं. तिचा एक हात वर छताच्या कोपऱ्यात, अंगठा एका भोकावर दाबलेला. उदबत्तीचा धूर तिथं वाकला होता, त्यावरनं तिनं ते हुडकलं होतं.

"दत्तूभावजी, हितं लांबी भरून भोक बुजवा," ती म्हणाली. "बाई रडत न्हवती. वारं गळत हुतं."

*

मग दत्तू पेटला! एक सांध सोडली नाही. खिडक्यांना जुन्या ट्यूबचं रबर, जोडांना खडू आणि अळशीच्या तेलाची लांबी, तळाला पत्रा आणि डांबर. वर छताला कॅनव्हास चिकटवायचं ठरलं. खाली चुलीवर डांबर उकळत होतं, दत्तू वर उभा राहून ते पसरत होता.

डांबर उतू गेलं आणि भडका उडाला. मी घाईत बादलीभर पाणी ओतलं. ज्वाळा माझ्या डोक्याच्या वर गेली! डिझेलची टाकी तिथनं हातभर अंतरावर.

"मास्तर, उडी मारू का?" दत्तू वरनं ओरडला.

"मार की रे!"

"पाय निघंनात!"

त्याच्या चपला डांबरात रुतल्या होत्या. दत्तूच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती बघितली, ती मी विसरलेलो नाही. सुभेदारांनी ओली पोती टाकली, वर माती लोटली. तेवढ्यात दत्तूनं चपलांतनं पाय उपसले आणि उडी घेतली ती थेट माझ्यावर.

चपला निघाल्याच नाहीत. शेवटी कॅनव्हास त्यांच्यावरनंच चिकटवलं, आणि मी वर चांगला हिरवा रंग दिला!

*

गाडी तयार झाली आणि आम्ही चौघं आटपाडीला निघालो, शांताक्काच्या बहिणीकडं. तिकडं सगळा कोरडा मुलूख. वाटेत एका ओढ्याच्या वाळूत बाभळीची सावली दिसली, म्हणून जेवायला थांबलो. तेवढ्यात वळवाची सर आली. आत जाऊन दार लावलं. छतावर पाऊस ताडताड वाजतोय आणि आत एक थेंब नाही! दत्तू सगळ्या जोडांवरनं हात फिरवून दाखवत होता. आनंदानं त्याला बोलवेना.

त्या आवाजात काठावरच्या एका धनगराची हाक आम्हाला ऐकूच आली नाही.

मी खिडकीतनं बघितलं तर वाळू नव्हती. लाल पाणी होतं, झाडाच्या फांद्या घेऊन पळणारं. वर कुठंतरी मोठा पाऊस झाला होता. सुभेदारांनी दार ढकललं. बाहेरच्या पाण्यानं ते घट्ट दाबून धरलेलं. आणि मग पायाखालची जमीन हलकी झाली. गाडीची मागची बाजू पाण्यावर उचलली गेली होती! इंजिन पुढं टेकलेलं आणि मागनं आम्ही सावकाश वळायला लागलो, खोल धारेकडं.

"दत्तू, तळाला भोक पाड!" सुभेदारांचा आवाज मी पहिल्यांदा चिरकलेला ऐकला. "पाणी आत घ्यायचं. गाडी जड झाली पायजे!"

दत्तू पटाशी-हातोडी छातीशी धरून नुसता बघत राहिला. "सुभेदार, लय जिवावर उदार हुन बुजिवलंय वो म्या!"

शांताक्कानं स्टोव्ह उचलून वरच्या फळीवर ठेवला, पदर खोचला. "दत्तूभावजी, रडा मागनं. आदी भोक पाडा. आनि जरा मोठं पाडा!"

दत्तूनं घाव घातले. प्रत्येक घावाला हुंदका. पत्रा फाटला आणि पाण्याचा फवारा आत उसळला. घोट्याला आलं. गुडघ्याला आलं. मी माझ्या मुलांची नावं घेत होतो. आपणच पाणी आत घेतोय, आणि गाडी अजून वळतेच आहे!

मग दणका बसला. मागची चाकं वाळूला टेकली. गाडी थरथरली आणि थांबली.

आम्ही बाकावर उभे राहिलो, एकमेकांना धरून. वळवाचा लोंढा जसा आला तसाच ओसरला. दार सुटलं, आणि आम्ही चौघं भिजलेल्या कोंबड्यांसारखे वाळूत उतरलो. शांताक्कानं सुभेदारांना धरून खाली बसवलं.

काठावरचा म्हातारा धनगर घोंगडी सावरत आला. त्यानं गाडीला एक चक्कर मारली. माझ्या हिरव्या रंगावरनं हात फिरवला. मग वाकून खाली बघितलं. दत्तूच्या भोकातनं आतलं पाणी धो धो बाहेर पडत होतं. म्हातारा सुभेदारांजवळ आला आणि मोठ्या मायेनं म्हणाला,

"पाव्हणं, गाडी लय झ्याक हाय. पर खालनं गळतीया. येकांद्या चांगल्या सुताराला दावा!"