मामीनं सांगितलेली गाणी

माझ्या मामीला गाता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे अजिबातच नाही. आरतीत तिनं तोंड उघडलं की शेजारच्या बाईची टाळी चुकायची, आणि तिनं अंगाई म्हटली की झोपलेलं मूलही उठून बसतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. पण अमरावतीत राजापेठेतल्या कितीतरी घरांना बाजारात कोणतं नवीन गाणं आलंय हे कळायचं ते मामीकडूनच. मामी गाणं म्हणत नसे. ती गाणं सांगत असे.

"ऐकलं काय?" हे तिचं पहिलं वाक्य. आलेल्या माणसाला आधी पाणी आणि मग चहा, असा सगळ्या जगाचा क्रम. मामीकडे आधी "ऐकलं काय?" आणि मग आठवलं तर पाणी. भाजीवालीला, दळण आणणाऱ्याला, सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही हाच प्रश्न. गुरुकुंज मोझरीला दर्शनाला गेली, तेव्हाही शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या कानाला लागलेली मी तिला पाहिली आहे. पोरं तिला 'ऐकलं-काय मामी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

माझं माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं, शेतीवाडीचं. कॉलेज शिकायला मी मामाकडे अमरावतीला राहायला आले, तेव्हा, म्हणजे पन्नास साल उलटल्यावर थोड्याच काळात, घरात रेडिओ नुकताच आला होता. मामा नावाजलेले वकील. बैठकीत त्यांच्या कायद्याच्या पुस्तकांना बाजूला सारून मामीनं रेडिओला जागा केली होती आणि मामांनीही मुकाट्यानं ती करू दिली होती. आपल्या इकडच्या रेडिओनं त्या काळात सिनेमाची गाणी बंद केली होती, म्हणून संध्याकाळ झाली की सगळ्या गावाचे कान रेडिओ सिलोनकडे लागत. आवाज मध्येच जवळ यायचा, मध्येच दूर जायचा, खरखर व्हायची. मला त्याचा वैताग येई. मामीला नाही. ती म्हणायची, "समुद्रावरून येते ना बाई ते. येता येता भिजणारच."

उन्हाळ्यातल्या दुपारी मला अजून आठवतात. खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं, खोलीत गारवा आणि अर्धवट काळोख. मामी गहू निवडत बसलेली. मी कॉलेजातून तापून आलेली असे, जरा टेकले की तिचं सुरू होई. "कालचं ऐकलं काय? आधी काहीच नाही. मंग एक सतार येते. पण येते कशी? आपण उन्हातून घरात आलो का काहीच दिसत नाही पाह्य, अन् मंग हळूहळू कोपऱ्यातला माठ दिसू लागते. तशी येते. मंग बाई गाते. गाते कायची, कोणाशी तरी बोलून राहिली असं वाटते. अन् मंधातच थांबते. मले वाटलं, रेडिओ बिघडला! नाही वं, बाईनं श्वास घेतला होता."

एवढं सांगून ती पुन्हा सुपाकडे वळे. मी डोळे मिटून पडून राही आणि ते न ऐकलेलं गाणं माझ्या डोक्यात वाजत राही. पुढे ते खरोखर रेडिओवर लागलं की मला जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मामीच्या गाण्यात जो माठ दिसला होता, तो रेडिओच्या गाण्यात नसे. मी तसं म्हटलं की ती खूश होऊन म्हणे, "गाणं कानानं नाही सांगता येत. डोयानं सांगा लागते."

मामांचे पक्षकार ओसरीवर बसून असत. जमिनीच्या वादातले, भाऊबंदकीनं पिडलेले, खेड्यापाड्यांतून पहाटेच निघून आलेले. त्यांनाही मामी सोडत नसे. एकदा एक म्हातारा पाटील खटला हरला. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा दारात उभा. मामांना वाटलं, आता हा भांडणार. तर तो थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "बाई, तुमी सांगलेलं गाणं बस स्टँडवरच्या हाटेलात लागलं होतं. शेवटपावतर ऐकलं. गाडी गेली, पण ऐकलं." मामा नंतर कितीतरी दिवस म्हणत होते, "या घरात वकिली माझी आणि जिंकते ही!"

मामा बोलायला तसे कमीच. पण मामीचं सगळं सांगणं मुळात त्यांच्यासाठी असे. संध्याकाळी दोघं रेडिओपाशी बसत. मामा आरामखुर्चीत, मामी खाली जमिनीवर. गाणं आवडलं की मामा पायाचा अंगठा हलवत. बस्, एवढंच. मामीचं लक्ष रेडिओइतकंच त्या अंगठ्याकडे असे. नवराबायकोनं एकमेकांशी प्रेमानं बोलावं अशी काही रीत त्या घरात नव्हती. त्यांचं जे काही बोलणं व्हायचं, ते मला वाटतं असं गाण्यावरून व्हायचं.

माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले. नवरा वकीलच, मामांच्याच ओळखीतला. त्यानंतर दोनेक वर्षांत मामांनी रेडिओ दुरुस्तीला टाकला. दुरुस्त होऊन आला तरी त्यांची तक्रार कायम. आवाज फाटतो, बाईचा आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा येतो. मेकॅनिकनं आतले व्हॉल्व्ह बदलले, एरियलची तार बदलली, शेवटी हात जोडले. मामा त्याच्यावरच चिडले. मामीला मात्र एक दिवस दिसलं की गाणं अगदी साफ लागलंय आणि मामांचा अंगठा हलत नाही. बिघाड रेडिओत नव्हता. मामांचे कान चालले होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला इलाज नाही. कानाशी येऊन मोठ्यानं बोललं तर शब्द कळतील, पण सूर गेले ते गेलेच. मामांनी कोर्टात उभं राहणं सोडलं. घरी बसून दावे लिहून देत. दुपारचा चहा घ्यायला तेवढे कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये जात, जुन्या सवयीनं. मी भेटायला गेले तर माणूस पार मिटून गेला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि मामी? मामी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून, कानाशी हाताचा द्रोण करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होती, "ऐकलं काय? नवीन आलं आहे!" मी खाली बघितलं. मामांचा अंगठा हलत होता.

मग मामा बाररूममध्ये जाऊन तीच गाणी सांगू लागले. आयुष्यभर कलमांशिवाय काही न बोललेला माणूस चहा पिता पिता गाण्यांची शिफारस करायला लागला. लोकांना आधी नवल वाटलं, मग गोडी लागली.

एकदा माझे यजमान कामासाठी अमरावतीला जाऊन आले आणि कोट काढायच्या आधीच म्हणाले, "अगं, एक फार सुंदर गाणं आलंय म्हणे. तुझे मामा सांगत होते. बैलगाडी चाललीय, मागे बसलेली बाई दोनच ओळी गाते, आणि मग नुसती घुंगरं दूर दूर जातात. गाणं कधी संपलं ते कळतच नाही." मी त्या गाण्यासाठी वेडी झाले. रेडिओपाशी बसून राहिले. लागेना. शेवटी रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदार हताश होऊन म्हणाला, "ताई, हे गाणं मांगणाऱ्या तुमी काई पयल्या नाही. आता तं मलेच ऐकाचं हाय ते!"

दिवाळीनंतर अमरावतीला गेले ती हाच प्रश्न घेऊन. बैठकीत पाऊल टाकलं आणि रेडिओकडे लक्ष गेलं. त्याच्यावर भरतकामाचं झाकण, झाकणावर लोणच्याची बरणी, मागे तारेची गुंडाळी करून ठेवलेली. मामा आत झोपले होते. मी मामीला विचारलं, "रेडिओ लावत नाहीस?"

तिनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मी ऐकून राहिली अन् हे माह्या तोंडाकडे पाहून राहिले, असं व्हाचं. उपाशी माणसासमोर जेवल्यासारखं वाटे मले. नाही जमलं. बंद करून टाकला."

"मग गाणी कुठून आणतेस?"

"हे रोज विचारतेत ना, नवीन काय आलं म्हणून! येत नाही म्हणून कसं सांगू? मंग मीच आणते."

मी हसायला लागले. बैलगाडी, घुंगरं, ती मागे बसलेली बाई, सगळी हिचीच! अकोल्यातला तो दुकानदार डोळ्यापुढे आला. पण मामी हसत नव्हती. तिनं माझा हात धरला. "कोणाले बोलू नको. याइले कळलं तं मले काही म्हणणार नाहीत, मोठ्या मनाचे आहेत. पण पुन्हा विचारणार नाहीत. तेच भेव आहे मले. विचारणं बंद झालं का माणूस गेला आतल्या आत."

नेमके त्याच संध्याकाळी देशपांडे वकील आले. मामांचे बाररूममधले जुने स्नेही, तोंडानं फटकळ. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, ते बैलगाडीचं गाणं कोणत्या सिनेमातलं? सगळी बाररूम शोधून राहिली! लोक म्हणतेत, वकीलसाहेबांनी स्वप्नात ऐकलं."

मामा समोरच बसले होते. त्यांना शब्द कळले नव्हते, पण आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे कळलं होतं. मामी भराभर म्हणाली, "पडला भाऊजी तो सिनेमा. रिळाचे डबे वापस गेले." देशपांडे हसले आणि त्यांची नजर रेडिओकडे गेली. झाकण, बरणी, गुंडाळलेली तार. मग त्यांनी मामीकडे पाहिलं. मामीचा चेहरा इतका उतरला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

देशपांड्यांनी चहा संपवला. उठले, मामांच्या खुर्चीपाशी गेले, वाकले आणि कानाशी ओरडले, "वकीलसाहेब! कालच ऐकलं बरं का तुमचं गाणं! शेवटी ते घुंगरू जातात ना... वा! मानलं तुमाले!"

मामांचा चेहरा उजळला. ते लगबगीनं म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" मामी कपबश्या घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे सगळ्या बाररूमनंच ती गाणी ऐकायला सुरुवात केली. कोणी म्हणे पहाटे लागलं होतं, कोणी म्हणे नागपूरला पाहुण्यांकडे ऐकलं. एकमेकांच्या अशिलांना पळवणारी, भर कोर्टात एकमेकांची उणीदुणी काढणारी ही माणसं. पण या बाबतीत त्यांची एकी कधी मोडली नाही. मला त्या लोकांबद्दल फार प्रेम वाटतं, आजही.

एकदा दिल्लीहून मामांचा पुतण्या आला. त्यानं सांगितलं की तिकडे आता एक पेटी निघाली आहे, तिच्यात गाणारी माणसं दिसतात. मामी ऐकतच राहिली. "दिसते? गाणं? म्हणजे सतारीवरची बोटं बी दिसत असतीन?" तो हो म्हणाला. मामीचे डोळे भरून आले. "म्हणजे याइले पाहता येईन!" त्या दिवसापासून ती भेटेल त्याला त्या पेटीची शिफारस करू लागली, जणू अमरावतीच्या बाजारात ती उद्याच येणार होती. दिल्लीच्या बाहेर ती कुठंच नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "येईन. तवर पुरवीन मी कसंतरी."

तिला पुरवता आलं नाही. साठ सालानंतरचं दशक संपता संपता एका थंडीत ती आजारी पडली आणि आठवड्याभरात गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. मामा त्यांच्या खुर्चीत बसून असत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. कोणाशी बोलत नव्हते, कोणाला काही विचारत नव्हते. मामीला ज्याचं भय होतं ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि मला काही सुचत नव्हतं.

मला अकोल्याला परतायचं होतं, त्याच्या आदल्या दुपारी मी खुर्चीच्या हातावर बसले. त्यांच्या कानाशी हात नेला. आणि ओरडले, "मामा, ऐकलं काय? नवीन आलं आहे."

मी रेटून सांगायला लागले. एक नदी आहे म्हटलं. मग वाटलं, नदी नको, विहीर. विहिरीवर एक बाई आहे, ती गाते, म्हणजे गात नाही, गुणगुणते. मग काय होतं? मला काही दिसेना. मी घागर म्हटलं, वारा म्हटलं, पुन्हा विहिरीवर आले. मामीची गाणी हातात आल्यासारखी दिसत आणि माझं हे जागच्या जागी गोल फिरत होतं. मी थांबले.

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी ते बोलले.

"तुह्या मामीनं मनानं रचलेलं पहिलं गाणं सांगलं ना, ते बी असंच कच्चं होतं," ते म्हणाले. "मंग जमलं तिले. सांग तू पुढं."